नवव्या पायरीचं तिकीट

मित्रांनो, मी भिंतीला टेकून बोलते आहे, याला उद्धटपणा समजू नका. शिडीला कुणाच्या तरी आधाराशिवाय उभं राहता येत नाही. माणसांचंही तसंच असतं, पण ती ते कबूल करत नाहीत.

मोमिरने मला बनवलं तेव्हा तो वीटभट्टीत कामाला होता आणि त्याच्या डोक्यावर केस होते. आमच्या व्रबोवो गावात घरटी आलुबुखाराची झाडं आहेत. फळं उतरवायला शिडी लागते, म्हणून मी. माझे दांडे ओकचे आणि नऊपैकी आठ पायऱ्याही ओकच्या. सहावी तेवढी आलुबुखाराच्या लाकडाची, कारण ओक संपला आणि वखार बंद झाली होती. "सोमवारी बदलू," मोमिर म्हणाला होता. या गोष्टीला त्रेचाळीस वर्षं झाली. मध्ये बरेच सोमवार येऊन गेले.

बागेतली माझी वर्षं सुखाची होती. दर सप्टेंबरात मला पुसून बाहेर काढत, टोपल्या भरत, मग फळांची दारू, राकिया, निघे आणि पहिला पेला माझ्या पायाशी ओतला जाई. हे मोमिरचा हात थरथरल्यामुळे होत असे, पण मी तो मानच समजत आले. मोमिरची बायको शेजारणींना सांगायची, "शिडी असावी तर अशी." मोमिरबद्दल असं काही ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मग वीटभट्टी बंद पडली. आवारात विटांचे ढीग उरले. त्या काळात पगाराच्या जागी विटा मिळत, पण विटा खाता येत नाहीत. तेव्हा कामगारांनी ठरवलं, की आपल्या फुटबॉल क्लबाला, सिग्लारला, भिंत बांधून द्यायची. सिग्लार म्हणजे वीट पाडणारा. इतर गावांत मैदानाची भिंत पुरुषभर उंच असते. आमच्या लोकांनी ती विटा संपेपर्यंत बांधली. पूर्वेची बाजू मोमिरकडे होती. आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम त्याने तिथे केलं. शेवटची वीट बसवून तो घरी आला, नेहमीसारखा सामना बघायला गॅलरीत खुर्ची टाकून बसला, आणि समोर त्याला एक अत्यंत सुबक भिंत दिसली.

दुसऱ्या दिवशी मी बागेतून गल्लीत आले.

तेव्हापासून मी या भिंतीशी आहे. तिकीट परवडत नसे ते माझ्याकडे येत. नवव्या पायरीवरच्याला पूर्ण मैदान दिसतं. सातवीवरच्याला चेंडू दिसतो, पण फार उंच गेला तरच. पाचवीवरच्याला सातवीवरच्याची विजार दिसते. साहजिकच भांडणं होऊ लागली, म्हणून मोमिरने कायदा केला: गोल झाला की नववीवरच्याने खाली उतरायचं आणि रांगेतल्या पुढच्याने वर जायचं. गोल कुणीही मारलेला असो.

कायदा न्याय्य होता, पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नव्हता. माझ्या नवव्या पायरीवर उभा असलेला माणूस, म्हणजे गावातला सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक, मनापासून प्रार्थना करायचा की गोल होऊ नये. एका वर्षी आम्ही घरच्या मैदानावर शून्य-पाचने हरलो. गाव तीन दिवस जेवलं नाही. आमची गल्ली मात्र खूश होती. एकाच दिवसात सगळ्यांचा नंबर लागला होता.

यंदाच्या वसंतात सिग्लारला चषकासाठी राजधानीचा मोठा संघ लागला. सामना बुधवारी दुपारी तीनला, आमच्याच मैदानावर. एरवी तीनशे दिनारांना मिळणारं तिकीट दोन हजार चारशेला झालं. खिडकी बंद केली आणि तिकीट फक्त मोबाईलवर ठेवलं. मोमिरचा फोन बटणांचा आहे. त्यावरून तो फोन करतो, एवढाच त्याचा उपयोग.

त्या आठवड्यात माझ्या पायाशी दुसरा विषय नव्हता.

"दोन हजार चारशेत दहा बुरेक येतात," मोमिर म्हणाला.

"मग बुरेक खा," ल्युबिशा म्हणाला. ल्युबिशा म्हणजे आमचा पोस्टमन, क्लबाचा कट्टर कैवारी. "काका, क्लबाने पैसा आणायचा कुठून? दिव्यांचं बिल कोण भरणार? राजधानीवाले काय रोज येतात?"

"रोज येत नाहीत म्हणूनच बघायचंय ना. रोज आले असते तर मी उद्या बघितलं असतं."

"आत जागा चार हजार, मागणी दहा हजारांची. भाव वाढणारच."

"गावात माणसं पाच हजार आहेत, ल्युबिशा. त्यातली चारशे तान्ही."

"ते मला सांगू नका. मी काढणार आहे तिकीट. रीतसर."

सोमवारी सकाळी दहाला ल्युबिशा माझ्या दुसऱ्या पायरीवर बसून रीतसर तिकीट काढू लागला. फोनने सांगितलं, रांगेत तुमचा क्रमांक सहा हजार दोनशे बारा. तो शांतपणे थांबला. त्याचा नंबर आला तेव्हा खांबामागची एक जागा उरली होती. मग फोनने त्याला नऊ चित्रं दाखवली आणि ज्यांत बस आहे ती निवडायला सांगितलं, म्हणजे तो माणूस असल्याची खात्री पटेल. आमच्या गावात बस दिवसाला एकच येते. त्याला सराव नव्हता. तो एका ट्रॅक्टरपाशी अडखळला आणि तिकीट गेलं.

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "काका, शिडीची रांग कुठपर्यंत आलीय?"

"पहिला मी, दुसरा तू."

त्याच संध्याकाळी विदा आली. विदोसावा तिचं पूर्ण नाव, पण एवढं कुणी म्हणत नाही. ती आणि मोमिर शाळेत एका बाकावर होती. एकतीस वर्षं ती मैदानाच्या मोठ्या दरवाजाबाहेर भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकत होती. कागदाची पुडी, वर एक मूठ जास्त. सिग्लारचा प्रत्येक गोल तिच्या बिया खात साजरा झालेला.

"मला काढलं," ती म्हणाली. "टीव्हीवाले येणार आहेत, जमिनीवर टरफलं दिसायला नकोत म्हणे."

"टरफलांशिवाय आपलं मैदान ओळखू कसं येईल?" ल्युबिशा म्हणाला.

"मोमिर, एक विचारू? हसायचं नाही." ती माझ्या दांड्याला धरून उभी होती. "मी आतला सामना कधी बघितलेला नाही."

कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं होतं, एकतीस वर्षांत एकदा तरी गेली असेलच.

"लोक उशिरा येतात, मध्यंतराला बाहेर येतात. दुकान सोडून जाऊ कशी? आणि तिकिटाच्या पैशांत पंधरा पुड्या जातात. मला सगळं ऐकू येतं. बिया फोडायचा आवाज थांबला की चेंडू आपल्या गोलापाशी. पण कशाचा आवाज आहे, ते एकदा बघावं म्हणते. शुक्रवारी मुलगी मला परदेशी, लिंझला घेऊन जातेय. कायमची."

मोमिर भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विटा थोड्या कमी असत्या तर बरं झालं असतं."

त्याने काही ठरवायच्या आतच मंगळवारी वेल्को आला. वेल्को क्लबाचा सचिव. वाईट माणूस नव्हे. दिव्यांचं बिल खिशात घेऊन हिंडणारा, इतकंच. हातात मोजपट्टी होती.

"मोमिरकाका, ही शिडी कुणाची?"

"माझी."

"भिंत कुणाची?"

"मी बांधली."

"पण क्लबाची. शिडी भिंतीला टेकते. म्हणजे शिडीचा वरचा भाग क्लबाचा होतो."

"आणि खालचा?"

"खालचा तुमचाच. आम्ही त्याला हात लावत नाही."

मग त्याने खालपासून वरपर्यंत माझ्या प्रत्येक पायरीवर पत्र्याची क्रमांकाची पट्टी ठोकली. मोबाईलवर 'पूर्व शिडी' नावाचा नवा विभाग निघाला. नववी पायरी बाराशे दिनार. पहिली चारशे, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'दृश्य मर्यादित'. पहिलीवरून भिंत दिसते. चार मिनिटांत सगळ्या पायऱ्या विकल्या गेल्या.

मी आयुष्यात प्रथमच पूर्ण विकली गेले होते. अभिमान वाटायला हवा होता. पण रात्रभर माझ्या मनात एकच होतं. नऊ माणसं आणि सहावी पायरी.

बुधवारी अडीच वाजता तिकीटवाले आले. नववीचा मालक शेजारच्या गावचा दाताचा डॉक्टर होता, आठवीची त्याची बायको. सातवीवर एक विमावाला चढला. मोमिर, ल्युबिशा आणि विदा समोर मोमिरच्या घराच्या पायरीवर बसून होते. विदाने चांगला झगा घातला होता. मग सहावीचा मालक पुढे आला. औषधाच्या दुकानाचा मालक, भरभक्कम गृहस्थ.

"दादा, त्या पायरीवर जपून," मोमिर म्हणाला. "ती मी सोमवारी बदलणार आहे."

"मी तिचे पैसे दिलेत," गृहस्थ म्हणाले आणि दोन्ही पाय ठेवून उभे राहिले.

शिडीला इच्छा नसते, असं म्हणतात. मी त्याबद्दल काही बोलणार नाही. कट्ट आवाज झाला, गृहस्थ अलगद पाचवीवर आले आणि तिथून, थोडा विचार करून, जमिनीवर. कुणाला खरचटलंही नाही. पण डॉक्टर नववीवरून असे उतरले, की तेवढ्या वेगात त्यांनी कधी दात काढला नसेल. पैसे परत मागायला सगळे वेल्कोकडे गेले. पैसे दिव्यांत गेले होते. शेवटी वेल्कोने नऊजणांना आत नेलं आणि गोलामागे, गवतावर, बियरच्या उलट्या खोक्यांवर बसवलं. भिंतीचं तिकीट काढलेल्यांना त्या दिवशी सर्वांत जवळून सामना दिसला.

मी रिकामी झाले आणि गल्लीची नेहमीची रांग पुन्हा लागली. आत शिट्टी वाजली.

"काका, नंबर तुमचा," ल्युबिशा म्हणाला.

"माझा गुडघा दुखतोय," मोमिर म्हणाला. सकाळी मला पुसायला तो नऊ वेळा वर-खाली झाला होता. "तू जा."

"मला टपाल वाटायचंय," ल्युबिशा म्हणाला. टपाल त्याने सकाळीच वाटलं होतं. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तो विदाकडे बघत होता.

विदाला चढवणं सोपं नव्हतं. सहावीच्या जागी आता हवा होती. दोघांनी खालून खांदा दिला. "ढकलू नको, मी पोतं आहे का?" असं ती एकदा म्हणाली. "पोतं स्वतः बोलत नाही," मोमिर म्हणाला. मग ती नवव्या पायरीवर उभी राहिली, आणि भिंतीच्या माथ्यावर तिने दोन्ही हात ठेवले.

"काय दिसतंय?" मोमिरने खालून विचारलं.

"हिरवं आहे."

"आणखी?"

"लहान आहेत रे सगळे. आवाजावरून मला मोठे वाटले होते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपला गोलवाला तर नुसता उभा आहे. याला पगार देतात?"

  नंतर मध्यंतर झालं तरी ती उतरली नाही. मोकळं मैदानही तिला बघायचं होतं.

एकाहत्तराव्या मिनिटाला आतून असा आवाज उठला, की माझ्या पत्र्याच्या पट्ट्या वाजल्या. चार हजार माणसांचा. मोमिरने तो आवाज आयुष्यभर ऐकला होता. ल्युबिशाच्या कानाशी तर रेडिओच होता. दोघांनी वर पाहिलं. कायदा सगळ्यांना माहीत होता.

"विदा, गोल झाला का?" मोमिरने विचारलं.

विदाने एकतीस वर्षांत एकही पुडी कमी भरली नव्हती. ती मैदानाकडे तोंड करूनच म्हणाली, "नाही."

"मग हा आवाज?"

"वारा."

मोमिरने आपल्या बागेकडे पाहिलं. आलुबुखाराच्या झाडाचं एकही पान हलत नव्हतं.

"सुटलाय खरा," तो म्हणाला.

"मघापासूनच आहे," ल्युबिशा म्हणाला आणि त्याने रेडिओ बंद केला. रांगेत मागे सातजण होते. एकाने कॉलर वर केली. दुसऱ्याने टोपी घट्ट बसवली.

त्या दुपारी आणखी दोनदा वारा आला. ते दोन्ही राजधानीच्या बाजूचे होते, आवाजाने हलके. विदा शेवटच्या शिट्टीपर्यंत नववीवर होती. उतरताना तिचे डोळे लाल होते. "वाऱ्याने," ती म्हणाली. त्यावरही कुणी वाद घातला नाही.

मित्रांनो, सिग्लार तो सामना एक-दोनने हरला, असं गावात सगळे सांगतील. आमच्या गल्लीत विचाराल, तर तो शून्य-शून्य बरोबरीत सुटला.

शुक्रवारी विदा गेली. पुढच्या सोमवारी मोमिर ओकची फळी घेऊन आला आणि त्याने माझी सहावी पायरी बदलली. पत्र्याच्या पट्ट्या त्याने तशाच ठेवल्या. म्हणतो, नंबर शोभतात. तिकिटांचा वाद अजून रोज चालतो, आणि ल्युबिशा पुन्हा क्लबाच्या बाजूने बोलू लागला आहे.

तुम्हाला एक विनंती आहे. जुन्या शिडीला पावसात ठेवू नका, तिची कच्ची पायरी सोमवारवर ढकलू नका. आणि कुणी उशिरा, फार उशिरा, नववीवर पोचलं असेल, तर खालून नंबर विचारू नका.

दर सामन्याला लिंझहून मोमिरला फोन येतो. तो माझ्या नवव्या पायरीवर चढतो आणि बटणांचा फोन भिंतीपलीकडे धरतो. आतून आवाज उठला की तो फोन परत कानाला लावतो, काहीतरी ऐकतो आणि गंभीरपणे सांगतो, "हो विदा, इकडे वारा फार आहे." मग कायद्याप्रमाणे खाली उतरतो.