तीन मिनिटं खिशात

जरा मोठ्यानं बोलतो, कारण खण बंद आहे. मी गोल्फचा चेंडू. एका दाताच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात, लोकांच्या दातांच्या प्लास्टरच्या साच्यांमध्ये पडलोय. यांची आणि माझी काडीची ओळख नाही. दिवसभर नुसते दात विचकून बसलेले असतात मेले.

जन्म कारखान्यातला. डझनाच्या खोक्यातून मी एका व्यावसायिक खेळाडूच्या हाती आलो. त्याची बॅग त्याची थोरली बहीण वाहायची. त्याला हा खेळ शिकवलाही तिनंच. सामन्याच्या दिवशी सकाळी ती प्रत्येक चेंडूवर पेननं हिरवी चंद्रकोर काढायची आणि फुंकर घालून वाळवायची. मग म्हणायची, "जा बाबा, सरळ जा." मी तिचं ऐकलं नाही, हा माझा गुन्हा मला कबूल आहे.

स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, अठरापैकी सतरावं होल. पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धांत खेळायला मिळणार की घरी बसायचं, ते त्या दिवसावर ठरायचं होतं. भावानं दणका दिला. मी उजवीकडे भरकटलो, एका खोडावर आपटलो आणि झाडांमागं पाचोळ्यात जाऊन बसलो.

आणि नेमके तिथं आमचे डॉक्टर कडमडले. हौशी गडी. दर रविवारी खेळतात म्हणे, पण निम्मा रविवार झुडपांत चेंडू शोधण्यात जातो. स्वतःचे दोन हरवायचे, दुसऱ्यांचे तीन उचलून आणायचे आणि घरी बायकोपुढं मिरवायचे. मोठ्या खेळाडूंचा खेळ बघायला ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. डोक्याला नवी टोपी, गळ्यात दुर्बीण. शेवटच्या होलपाशी पुढची जागा धरायची म्हणून झाडांतून आडवाटेनं निघाले आणि मी दिसलो. हात आधी पुढं झाला, डोकं मागून आलं. "वा, नवाकोरा!" म्हणत त्यांनी मला उचललं आणि खिशात टाकलं. किल्ल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्यांमध्ये मी जाऊन पडलो.

तेवढ्यात ताई धावत आली. मागून भाऊ आणि पंच. चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात.

"इथंच पडलाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," ताई म्हणाली.

पंचांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुम्ही इथंच होतात ना? चेंडू दिसला का कुठं?"

डॉक्टरांचा हात खिशात गेला. बोटं माझ्याभोवती आवळली. अहो, सांगून टाका की! प्रेक्षकानं चुकून उचलला तर चेंडू पुन्हा जागेवर ठेवतात. खेळाडूला दंड नाही, प्रेक्षकालाही कुणी फासावर देत नाही. हा नियम डॉक्टरांना तोंडपाठ होता. पण चार लोकांत चोरासारखा खिशातून चेंडू काढायचा, या विचारानंच त्यांना दरदरून घाम फुटला.

"नाही बुवा," ते म्हणाले.

आणि कहर म्हणजे, सगळ्यांबरोबर वाकून पाचोळा उपसायला लागले! मी खिशात जीव तोडून ओरडत होतो. चेंडूचं कोण ऐकतंय?

"वेळ संपली. चेंडू हरवला," पंच म्हणाले. दंड म्हणून एक फटका जास्तीचा मोजला गेला आणि भाऊ पुन्हा मारायला मागं निघाला. जाता जाता म्हणाला, "ताई, तुझी नजर गेली आता."

ती बॅग सावरत त्याच्यामागं गेली. खिशातून मला तिच्या पावलांचा आवाज तेवढा आला.

शेवटी एका फटक्यानं मोठ्या स्पर्धांचं ते पुढचं वर्ष हुकलं.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर दवाखान्यात पेपर वाचत बसले होते. त्यांची बायको पेशंटची यादी घेऊन आली.

"अहो, तोंड का उतरलंय तुमचं?"

"त्या खेळाडूनं बहिणीला काढलं. बॅगेला आता दुसरा माणूस ठेवलाय."

"मग तुम्हाला काय त्याचं?"

"काही नाही. असंच."

असंच! त्या दिवसापासून डॉक्टर खेळायला गेलेले नाहीत. बायकोला वाटतं, कंबर दुखते. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. साचे पाठवायच्या छोट्या खोक्यात ती माझ्याखाली घातली, वर त्या खेळाडूचा पत्ताही लिहिला. आठ महिने झाले. मला वाईट माणूस भेटला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला केव्हाच विसरून कुठंतरी फेकलं असतं. हा भला माणूस आहे. ना सोडतो, ना विसरतो.

रोज दुपारी कुरिअरवाला साचे न्यायला येतो. आत्ता आलाय बघा. खण उघडला. डॉक्टरांचा हात माझ्या खोक्यावर आहे. ओला, गार हात. मला चांगला ओळखीचा झालाय.

"एवढंच का, डॉक्टर?"

उचललं... उचललं मला!

"एवढंच," डॉक्टर म्हणाले आणि मला परत ठेवलं.

डॉक्टर, मला गवतावर नाही नेलंत तरी चालेल. या दातांमध्ये राहीन जन्मभर. पण ताईला एकदा कळवा हो, चेंडू तिथंच पडला होता. तिनं बरोबर बघितलं होतं.