हातावर चालणारं घड्याळ

"अवं नित्याची माय, पाह्य इकडं. मेलं हे."

झटका आल्यापासून रामरावांच्या तोंडाचा डावा कोपरा ओघळला होता आणि शब्दही अर्धवट बाहेर पडायचे. पण 'मेलं' हा शब्द मात्र स्वच्छ आला. सिंधूबाई हातातलं सूप टाकून धावत आल्या. रामराव खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डावं मनगट त्यांनी उजव्या हातानं डोळ्यांपुढं उचलून धरलं होतं. त्यावर मुलानं दिलेलं दीड लाखाचं घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा थांबला होता.

"सेल गेला असंन," सिंधूबाई म्हणाल्या.

"याच्यात सेल नसते वो. हात हलला तं चालते, नाई हलला तं थांबते. नित्यानंच सांगतलं व्हतं." त्यांनी हात सोडून दिला. तो दळणाच्या पिशवीसारखा गोधडीवर पडला. "घड्याळाले समजलं, तुलेच समजून नाई राहिलं. ह्या हातात जीव नाई आता."

"काईतरीच बोलता!"

"त्या मालिशवाल्या पोरीले सांग, उद्यापासून येऊ नको म्हणा."

आता हा माणूस घड्याळाचं इतकं मनावर का घेतो, असं कुणालाही वाटेल. पण रामरावांचा सगळा जन्म घड्याळावर गेला होता. अकोल्याच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. मूर्तिजापूर-अमरावती गाडी लागली की खिडकीतून मान बाहेर काढून आधी मनगट बघायचे, मग ड्रायव्हरला शिव्या घालायचे. पहिल्या पगारात घेतलेलं चावीचं घड्याळ रोज सकाळी चहाआधी चावी देऊन हातावर चढायचं. देवाला हात जोडायचे राहिले तरी चालेल, चावी राहता कामा नये.

नितेशनं पुण्यात बढती मिळाल्यावर ते विलायती घड्याळ आणलं, तेव्हा डाबकी रोडच्या ओट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. शेजारचे पंजाबराव, जुने कंडक्टर, हातगाडीवरून घेतलेलं तीनशेचं घड्याळ नाचवत म्हणायचे, "हे पाण्यात पडलं, ट्रॅक्टरखाली गेलं, तरी सुरू. सेल टाका अन भुलून जा. दीड लाख घालून अजून काय पायजे माणसाले?"

"तुह्यं घड्याळ म्हंजे सरकारी नोकर," रामराव म्हणायचे. "कोणी पाहो न पाहो, चालूच. माहं म्हंजे बायको. सकाळी एकडाव इचारपूस केली का दिवसभर साथ देते."

"अन हे पोराचं?"

"हा पाव्हना. मिरवला तं खूश, घरात ठेवला तं रुसते. वरतून हप्त्याले मिनिटभर पुढं पयते!"

नितेश फोनवर समजावून थकला की बाबा, हे पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, नातवाच्या हातावर जाईल. रामरावांनी ते लग्नाकार्यापुरतं कपाटात ठेवलं. मग झटका आला आणि डावी बाजू गेली. एका हातानं चावी देता येईना. सिंधूबाई म्हणाल्या, मी देतो चावी. तर म्हणाले, "दुसऱ्यानं चावी देलेलं घड्याळ मी घालत नाई." पंजाबरावांनी आपलं काढून पुढं केलं तर आणखी भडकले. "ते सेलवालं मढ्याच्या हातावरही चालते बे! मले पोराचं आणा. त्याले खोटं बोलता येत नाई."

आणि दोन दिवसांत ते थांबलं. रामरावांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवण अर्ध्यावर आलं. मालीश करणारी मुलगी दोनदा येऊन परत गेली. सिंधूबाईंना नवरा समोर असून नसल्यासारखा झाला, आणि त्या धास्तावल्या. नवरा लुळा झाला तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या त्या भिंतीकडं फिरलेल्या पाठीला पाहून रडल्या.

"घड्याळच भिकार असंन. मी जातो अमरावतीले, दाखवतो," म्हणाल्या आणि पंजाबरावांना घरी बसवून खरंच एसटीत बसल्या.

अमरावतीच्या दुकानातल्या माणसानं घड्याळ कानाशी नेलं, दोनदा हलवलं आणि काउंटरवर ठेवलं. सेकंदकाटा सुरू झाला होता.

"काही बिघाड नाही काकू. घालणाऱ्याचा हात हलत नसेल."

सिंधूबाईंना वाटलं, याच्या तोंडात मारावी. पण त्याचा काय दोष? येताना चोरीच्या भीतीनं त्यांनी घड्याळ पिशवीत ठेवलं नाही, बांगड्यांच्या वर चढवलं आणि पदर घेतला. गाडी खड्ड्याखड्ड्यांतून उडत होती. मूर्तिजापूरला चहावाल्यानं हाक मारली तेव्हा त्यांनी सहज पाहिलं. घड्याळ झकास चाललं होतं. त्यांच्या हातावर चाललं होतं.

"काय म्हणे थो?" घरी पाऊल टाकताच रामरावांनी विचारलं.

"कचरा अडकला होता म्हणे आत. काढला. तुमी उगीच हाताले नावं ठेवता!"

त्या दिवसापासून दुपारी रामरावांचा डोळा लागला की सिंधूबाई घड्याळ काढून घ्यायच्या. डाव्या हाताला स्पर्श कळत नव्हता, म्हणून ते जमायचं. त्याचं वाईट वाटावं की बरं, हेही त्यांना कळत नव्हतं. मग घड्याळ घालून भांडी, धुणं, आणि शेवटी भाकरी. भाकरी थापताना दोन्ही हात चालतात. रात्रीच्या भाकरी दुपारीच व्हायला लागल्या.

"दुपारीच काऊन थापतं वो? रात्री चामडं खाल्ल्यासारखं लागते."

"मच्छर होतात संध्याकाळी. खा गुपचूप."

घड्याळ चालत राहिलं. रामराव भिंतीकडून इकडं वळले. मालिशवाल्या मुलीला त्यांनी स्वतः बोलावून घेतलं. उजव्या हातानं डावा धरून वर-खाली करायचे, घामाघूम व्हायचे. नितेशला व्हिडिओ कॉलवर मनगट दाखवायचे, "पाह्य, चालून राहिलं!" नितेश डोळे पुसायचा. सिंधूबाई मागे उभ्या राहून हसायच्या आणि सैपाकघरात जाऊन देवाची माफी मागायच्या. पुढं काठी आली. काठीवर खाटेपासून दारापर्यंत माणूस जाऊ लागला. लबाडीनं का होईना, पाय टेकवले बाप्पा, असं त्या मनाशी म्हणायच्या.

त्या दुपारी तव्यावर भाकर होती. पलीकडं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

रामराव सैपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडले होते. काठी लांब गेली होती, कानामागून रक्त येत होतं. सिंधूबाईंनी पिठाच्या हातांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रामरावांची नजर सिंधूबाईंच्या मनगटावर गेली. तिथं ते घड्याळ होतं. ओठ हलले. पंजाबराव डॉक्टरला घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. भाकर तव्यावर जळून काळी झाली होती.

माणसं गोळा व्हायच्या आत सिंधूबाईंनी घड्याळ काढून नवऱ्याच्या हातावर बांधलं.

नितेश रात्रीचा निघून सकाळी पोचला. आंघोळ घालताना त्यानं घड्याळ उतरवलं आणि हंबरडाच फोडला. "चालू आहे आई! शेवटपर्यंत हात हलवत होते गं बाबा!" बायकांनी सिंधूबाईंच्या बांगड्या उतरवल्या. मसणातून परतल्यावर नितेशनं त्या रिकाम्या मनगटावर घड्याळ बांधलं. "तुझ्याजवळच राहू दे," म्हणाला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. पंजाबरावांच्या घरून डबा यायचा. कुणी सिंधूबाईंना ताट उचलू देत नव्हतं, पाण्याचा गडूसुद्धा हातात आणून द्यायचे. त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहायच्या, हात मांडीत. मनात एकच घोळत होतं. जाता-जाता त्यानं पाहिलं. सगळा जन्म सोबत काढला, आणि शेवटी माही लबाडी पाहून गेला माणूस.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन नितेश कौंडण्यपूरला गेला. दुपारी पंजाबराव डबा ठेवायला आले. सिंधूबाईंनी मनगट पुढं केलं.

"थांबलं, भाऊजी."

पंजाबराव दारातच खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वैनी, त्यानं सांगू नको म्हणून गळ्याची आन घातली व्हती. पण आता कोणाची आन अन कोणाचं काय? त्याले ठाऊक व्हतं."

"काय?"

"घड्याळाचं. तुमी अमरावतीहून आल्या, त्याच्या दोन-चार दिवसांतच. पट्ट्याच्या कड्यायत ज्वारीचं पीठ अडकलेलं राहे ना! मले दाखवलं त्यानं. म्हणे, पंजाब्या, हे घड्याळ माह्या हातावर नाई, तिच्या हातावर चालते. येवढी मरमर करून राहिली बिचारी, तं मले हात हलवाच लागते आता."

सिंधूबाईंनी पट्ट्याच्या कड्यांवरून बोट फिरवलं.

"अन म्हणे, एक दिवस मी सोताच चालत जातो सैपाकघरात अन भाकरी थापताना पकडतो तिले. पाह्यजो कशी लाजते थे." पंजाबरावांचा आवाज फाटला. "मीच म्हटलं त्याले, जाय म्हटलं. मले काय माईत?"

सिंधूबाई रडल्या. तीन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं, आणि पंजाबराव त्यांना गप्प करायच्या फंदात पडले नाहीत. ते गेल्यावरही त्या तशाच बसून होत्या. मग उठून सैपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याशी नणंदेनं अडवलं.

"वैनी, अजून दिवस व्हायचे हाएत. तुमी बसा."

त्या परत कोपऱ्यात येऊन बसल्या. उजव्या हातानं डावा हात मनगटाजवळ धरला, मालिशवाल्या मुलीनं रामरावांना शिकवलं होतं तसा. हळूच वर उचलला, खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. समोर बसलेल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. सिंधूबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या सेकंदकाट्याकडं बघत होत्या.