बुटांवरचा होल्ड

सुजितला स्वतःच्या हुशारीची भारी घमेंड, आणि तिनंच त्याची पार फजिती केली. चाकणच्या एका कंपनीत तो पार्ट तपासायचा. माप जरा घसरलं की पार्टावर पिवळा स्टिकर: ‘होल्ड’. मग लावणाऱ्याच्या सहीशिवाय पार्ट जागचा हलायचा नाही.

दीपमाला त्याची नऊ वर्षांची लेक. तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं, ते सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून बुजवलं. ऑपरेशनआधी हृदयाच्या पंपिंगचा आकडा होता अडुसष्ट. आताच्या रिपोर्टात आला छप्पन. झालं! साहेबांनी फ्रिजवर आलेख डकवला, खाली घसरणारी लाल रेघ ओढली आणि शनिवारच्या शाळेच्या शर्यतीसाठी आणलेल्या तिच्या नव्या बुटांवर होल्ड चिकटवून मोकळे! कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘रीडिंग कमी’.

“अहो, पोरगी आहे ती, बेअरिंग नाही!” बायको योगिनी कडाडली.

दीपमाला कुरुळीतल्या त्यांच्या खोलीच्या दारात बसून गल्लीतली पोरं पळताना बघत राहिली. पण हा शहाणा ऐकतोय कुणाचं!

शुक्रवारी पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंपुढे त्यानं मोठ्या ऐटीत आलेख ठेवला.

“अहो, आधी दर ठोक्याला थोडं रक्त भोकातून भलतीकडे निसटायचं,” बाई म्हणाल्या. “हृदयाला सारखा ओव्हरटाइम, म्हणून आकडा फुगलेला. आता ओव्हरटाइम बंद. छप्पन अगदी मापात आहे. पळू दे तिला.”

“म्हणजे मी नापास केलं ते...”

“बरं झालेलं हृदय!”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच चांगला माल अडवला, तोही घरचाच! सुजितला हसूही आलं आणि रडूही. घरी येताच तो स्टिकर काढायला बसला, तर दीपमालानं पेन पुढे केलं.

“पप्पा, आधी सही.”

त्यानं ‘रीडिंग कमी’ खोडलं, ‘तपासणारा घाबरट’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. पोरीनं स्टिकर सोलून जपून वहीत ठेवला.

शनिवारी ती पाचवी आली. मैदानाच्या कडेनं ओरडत तिच्याबरोबर धावलेला सुजित मात्र धापा टाकत मातीतच बसला. डोळ्यांतलं पाणी थांबता थांबेना. दीपमाला दप्तराकडे गेली, वहीतून तो स्टिकर काढून आणला आणि “आता माझ्या सहीशिवाय हलायचं नाही!” म्हणत पप्पांच्या छातीवर चिकटवला.