बर्फगाडीचा थोडा लांब पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. उन्हाळ्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं, त्या बडोद्यात बर्फगाडीचं काय काम, असं तुम्ही विचाराल. सांगते.

माझा जन्म परदेशातल्या थंड मुलुखात झाला. मला पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन लांब पाट्या आहेत आणि पोटाखाली रुंद रबरी पट्टा. तो आतल्या चाकांवर फिरतो आणि मला बर्फावरून ढकलतो. परदेशी वस्तू आपल्याकडे सहज येऊ लागल्या, त्या दिवसांत प्रतापरावांनी मला जुन्या मालातून आणलं. करजणच्या रस्त्यावर त्यांनी एका शीतगृहात बर्फ पसरून मुलांसाठी खेळघर थाटलं होतं. भाड्याचे कोट घालून पोरं यायची, माझ्यावर बसून फेरी मारायची आणि उतरताना माझ्या पाठीवर थाप द्यायची. मला फार बरं वाटायचं.

एकदा बर्फाखालची लोखंडी कड उघडी पडली आणि माझा पट्टा फाटला. त्या मापाचा पट्टा कुठे मिळेना. शेवटी किंचित लांब मिळाला. आमचा मेकॅनिक बाळकृष्ण मन लावून काम करणारा. त्याने मागची चाकं थोडी मागे सरकवली, पट्टा ताणला, मला घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलून इंजिन चालू केलं. पट्टा सुरेख फिरला.

दिवाळीची सुट्टी होती. रांगेत पहिली होती मिताली. तिची आई निरुपमा बडोद्याच्या समा भागात राहायची. कॉलेजात शिकलेली, पण मुलीला खरचटलं तरी रात्रभर जागणारी. ती वाकून माझ्या पोटाखाली पाहू लागली.

"पट्टा नवा दिसतोय?"

"आजच बसवला, ताई. जुन्यापेक्षा जरासा लांब आहे, पण घोडीवर फिरवून बघितलाय."

"घोडीवर म्हणजे अधांतरी? वर कुणी बसलं नव्हतं?"

"नाही."

"आमच्या सासूबाई रिकामा पाळणा हलवू देत नाहीत. तुम्ही रिकामी गाडी हलवून तिच्यात पोर बसवताय?"

रांगेतल्या एका काकांनी टोमणा मारला, "बेन, आटली बीक लागे छे तो घेर बेसो ने!" एवढी भीती वाटते तर घरी बसा, हे ऐकून सगळे हसले. मितालीचे कान लाल झाले.

"आई, चल ना गं! सगळे हसतायत."

निरुपमाने मुलीचा हात सोडला नाही. "हसू देत. आधी कुणी मोठं माणूस बसवा."

"वांधा नाही, वहिनी," प्रतापराव मिशीवर हात फिरवत पुढे आले. "मीच बसतो. माझ्याहून मोठं माणूस बडोद्यात शोधावं लागेल!"

ते बसले आणि त्यांच्या वजनाने माझं पोट दबलं. ताणलेला पट्टा सैल पडला. पुढे हँडल धरून बसलेल्या बाळकृष्णने वेग दिला मात्र, पट्टा फिरवणाऱ्या आतल्या चाकाचे दाते पट्ट्यावरून घसरले. धाड! धाड! मी असा हिसका खाल्ला, की प्रतापराव बाजूच्या बर्फात जाऊन बसले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

आता कुणी हसलं नाही. प्रतापराव उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "बाळकृष्ण, आज फेरी बंद." मिताली रडतच घरी गेली.

बाळकृष्णने मकरपुऱ्याच्या लेथवाल्याकडून चाकांची बैठक लांबवणाऱ्या जोडपट्ट्या करवून घेतल्या, चाकं आणखी मागे नेली, आणि या वेळी माझ्यावर तांदळाची पोती ठेवून मला फिरवलं. पुढच्या रविवारी मायलेकी आल्या. "आधी मी," निरुपमा म्हणाली. ती डोळे घट्ट मिटून बसली. अख्खी फेरी तिने दातओठ आवळून काढली, आणि उतरल्यावर मुलीला स्वतः उचलून माझ्यावर बसवलं. मिताली "अजून जोरात!" ओरडत राहिली.

पुढे ते खेळघर बंद पडलं. आता मी हरणीच्या एका गोदामात धूळ खात उभी आहे. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. कोणतंही यंत्र दुरुस्त झालं, की त्याच्यावर भार घालून बघा, मगच त्याच्यावर मूल बसवा. आणि तुमची आई चारचौघांत वाकून, पुन्हा पुन्हा विचारून तुम्हाला लाजवत असेल, तर तिचा हात हिसडू नका. माझ्या अंगावरून कितीतरी पोरं हसत उतरली. त्या दिवशी मात्र एक पोर माझ्यावर चढली नाही, आणि त्याबद्दल मी तिच्या आईचे उपकार अजून मानते.