इंजिन निजवायच्या आधी

नळीचं टोक बादलीच्या तळाशी टेकलेलं, आणि बादलीतलं पाणी हलत नव्हतं. म्हणजे हलत होतं. इंजिनाच्या थरथरीनं त्यावर बारीक वर्तुळं उठत होती, कडेला आपटून परत येत होती. पण उतरत नव्हतं. उतरायला हवं होतं, घटाघटा. नळीनं पाणी ओढायचं, ते इंजिनाच्या अंगातून फिरून मागच्या पाइपातून थुंकत बाहेर पडायचं... श्रीविद्या वाकून बघत राहिली, कोपरांत, दातांत, कानाच्या पाळीत ती धडधड घेऊन — काय लागलं होतं इंजिन! पाच महिने ताडपत्रीखाली पडून, आणि हँडल मारल्याबरोबर धडाड! — आणि ह्या आनंदातच तो वास आला, रबर जळल्याचा, आणि मागून धूर, नुसता कोरडा धूर. तिनं झडप घालून बंद करायची कडी ओढली.

शांतता. लांब के. आर. पुरम स्टेशनातून निघालेल्या गाडीची शिट्टी. होडीवर वाकलेल्या चिक्कूच्या फांदीवर खारीची धावपळ.

"बंद का केलंस गं?" कट्ट्यावरून अत्तेंनी विचारलं. अत्ते म्हणजे सकवारबाई, तिच्या सासूबाई. ह्या घरात सासूला अत्तेच म्हणायचं, तिच्या माहेरीही तसंच. "बरं चाललं होतं की. घरात कोणीतरी आहे असं वाटत होतं."

"पाणी ओढत नाहीये, अत्ते."

"मग कॉफी देऊन बघ."

श्रीविद्या हसली नाही, पण हसू आत कुठेतरी पडून राहिलं. समुद्र इथून एका रात्रीच्या बसइतका लांब, आणि ही होडी अंगणात ट्रेलरवर चढून बसलेली, आणि होडीच्या पोटात मांडी घालून ती, हातांना काळं तेल, कपाळावर तेल, केसांतसुद्धा असणार. शेजारपाजारचे गच्चीवरून बघतात. बघू देत.

आज तिला इंजिन निजवायचं होतं. हा तिचाच शब्द. फोनवर व्हिडिओ दिसायचे — ऑक्टोबर आला की थंड देशांतली जाड हातमोज्यांची माणसं आपापल्या होड्यांच्या पोटात उतरतात, तळी गोठायच्या आत इंजिनातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर आत बर्फ होऊन लोखंड तडकतं. मग गुलाबी कूलंट भरायचं, तेल बदलायचं, पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री काढून ठेवायची, हवेच्या वाटेनं थोडं तेल पाजायचं, सगळी भोकं चिंध्यांनी बुजवायची. की झोप, थेट उन्हाळ्यापर्यंत. रघुनंदन, तिचा नवरा, पोट धरून हसला होता. "विद्या, बेंगळुरूत फ्रीज सोडून कुठे बर्फ बघितलास तू?" हसा. बर्फ नाही, मीठ आहे. कारवारचं मीठ. समुद्राचं पाणी पिऊन आलेलं इंजिन मे महिन्यात लॉरीवरून इथे उतरलं, आणि त्यानंतर कोणी त्याला गोडं पाणी दाखवलेलं नाही. मीठ आतून खातं. आवाज करत नाही, वर काही दिसत नाही, रंग तसाच निळा, आणि आतून पत्रा पापडासारखा होत जातो... हे तिला लोखंडाच्या आधी दुसऱ्या कशाबद्दल तरी माहीत होतं. पण ते आत्ता नको.

ह्या वर्षी समुद्र नाही, हे तिनं कबूल केलंच होतं. रजा संपल्या. पण पुढच्या वर्षी?

फोन वाजला. रघुनंदनचा. तेलकट बोटानं तीनदा पुसल्यावर उचलला गेला.

"विद्या, ऐक. गिरीराज पाचला येतोय. होडी बघायला. त्याच्या रिसॉर्टला हवीय."

"आज?"

"त्याला बाकी काही कळत नाही गं. फक्त इंजिन चालू झालेलं ऐकायचंय. मी सर्जापूर रोडला अडकलोय, एकामागे एक मीटिंग. तूच दाखव ना. तुला तर येतं सगळं."

"अहो, पण मी आज ते—"

"ते झोपवणं-बिपवणं राहू दे. विकल्यावर तो बघेल. एकदा चालू करून दाखव, बस."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं.

फोन खाली ठेवला आणि रागानं तिचे कान तापले. तुला तर येतं सगळं! हो, येतं. दुर्बीण आणलीत, तिची भिंगं पुसायला येतं. ट्रेडमिल आणलात, त्यावर चादरी वाळत घालायला येतं. मधमाश्यांची पेटी आणलीत, डंख मी खाल्ले. दर वेळी तुमचा उत्साह आधी दारात शिरतो, मागून वस्तू, आणि वर्षभरानं तुमचा कंटाळा ती वस्तू बाहेर नेतो, आणि मधल्या काळात त्या वस्तूबरोबर राहते मी. मला कोणी विचारतं? नाही. का विचारावं? मी 'सरी' म्हणते ना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांनी जाळलेले मीटर उघडून बसवणारी बाई, घरात मात्र फक्त सरी.

ती पुन्हा वाकली. पंपाच्या झाकणाचे पितळी स्क्रू एकेक करून सुटले. झाकण निघालं. आत ती काळी चक्री, फुलासारखी, आणि तिच्या दोन पाकळ्या बुंध्यापासून तुटलेल्या. कोरडी फिरली. पाणीच आलं नाही तर रबर घासून जळणारच. पण पाणी का आलं नाही? तिनं नळी उचलली, तोंडाला लावून फुंकली. गच्च. वायर घातली. वायर मऊ कशाततरी रुतली, फिरली... आणि बादलीत पडला एक अख्खा झेंडू, मागून कुंकवाचे लाल तांदूळ, मागून चिकट, अर्धा विरघळलेला गूळ.

ती बघतच राहिली.

"अत्ते!"

"काय गं?"

"हे कोणी घातलं?"

म्हातारीनं मान उंच करून बादलीत बघितल्यासारखं केलं. "खंडेनवमीला मीच. रघूनं गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली, मिक्सरला कुंकू लावलं, त्या लॅपटॉपला फूल वाहिलं. ह्याच्याकडे कोणी बघेना. त्याची नळी आ करून लोंबत होती. सणाच्या दिवशी उपाशी ठेवायचं? स्वल्प अक्षता घातल्या, गुळाचा खडा, वर एक फूल."

"बोटानं आत ढकललंत?"

"मग? बाहेर ठेवलं तर मुंग्या खातात."

"त्याला गूळ पचत नाही, अत्ते."

"तू पण लग्न होऊन आलीस तेव्हा गोड खात नव्हतीस. आता डबे लपवावे लागतात."

आता मात्र ते पडून राहिलेलं हसू उसळून वर आलं. ती होडीच्या पोटात बसून एकटी हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता मधेच तिला दिसलं की तिच्या ओंजळीत आयतं काय येऊन पडलंय. बिघडलं! गिरीराज, सॉरी हं, इंजिन बिघडलं, पंप गेला. खोटं एक अक्षर नाही. रघुनंदनला दाखवायला तुटक्या पाकळ्या. कोणाशी भांडण नाही, कोणाला नाही म्हणायचं नाही, सगळं अक्षतांनीच केलं.

"ऐक," अत्ते म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "मोडलं असेल तर माझं नाव सांग. म्हाताऱ्या बाईला कोण काय बोलणार? तुला द्यायची नाहीये ना ती होडी?"

श्रीविद्यानं वर बघितलं. अत्ते मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. पदरानं चष्मा पुसत होत्या.

अवजारांच्या पेटीत दुसरी चक्री होती. नवी कोरी, पाकिटातली. तिनंच मागवून ठेवलेली. पाच वाजायच्या कितीतरी आधी ती बसवून झाली असती, इंजिन गायलं असतं, गिरीराजनं मान डोलावली असती. म्हणजे ते मोडलं हे खरं, आणि मोडलेलं नाही हेही खरं. आणि निमित्त किती दिवस पुरणार? आठवडा? मग मेकॅनिक येणार, मग दुसरं निमित्त शोधायचं, डोकं दुखतंय, पाहुणे येणारेत, अत्तेंना बरं नाही... शी! पुरे झालं.

कारवारला, काळी नदी समुद्राला मिळते तिथे, पाणी उभं राहतं, भिंतीसारखं नाही, पाठीसारखं, एखाद्या प्रचंड जनावराच्या पाठीसारखं. होडी इथे आणायच्या आधी ते दोघं त्या पाण्यावर गेले होते, आणि रघुनंदन बाजूला वाकून ओकत होता. सुकाणू तिच्या हातात कोणी दिलं नव्हतं, ते मोकळं फिरायला लागलं म्हणून तिनं धरलं. होडी त्या पाठीवर चढली, तिनं वेग वाढवला, आणि खाली, तळव्यांखालच्या फळीखाली, ह्या निळ्या इंजिनानं उत्तर दिलं. तिला, फक्त तिला. ती ओरडली होती. काय ओरडली ते आठवत नाही, शब्द नसेलच तो. रघुनंदननं ओल्या तोंडानं विचारलं होतं, घाबरलीस का? आणि ती म्हणाली होती, हो. हो! केवढं खोटं. भीती नव्हती ती. मला हे हवंय. हे एवढं तीन शब्दांचं वाक्य तेव्हा तोंडात आलं नाही, कारण ते ह्या तोंडानं कधी केलेलंच नव्हतं.

मला हे हवंय.

हात आपोआप चालायला लागले. खालचा नळ उघडला, इंजिनाच्या अंगातलं जुनं पाणी करंगळीएवढ्या धारेनं गळायला लागलं; तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट, जहर खारट! नरसाळ्यानं गोडं पाणी ओतलं, पुन्हा चाखलं. खारट. पुन्हा. कमी. पुन्हा ओतलं, बादलीमागून बादली, आणि एका चवीला जिभेला काहीच कळलं नाही, नुसतं पाणी, नळाचं साधं पाणी, आणि तिच्या छातीत काहीतरी एवढं उडालं की तिला वाटलं अत्तेंना ऐकू गेलं. गुलाबी कूलंट ओतलं; बर्फासाठी नसू दे, गंजासाठी. जुनं तेल कोमट होतं, सरसर निघालं, नवं मधासारखं उतरलं. मग हवेच्या वाटेनं दोन चमचे तेल, दाब सोडायची कडी वर केली, आणि हातानंच हँडल सावकाश फिरवलं, धड नाही, आवाज नाही, फक्त लोखंडाचं मऊ गिळणं, एकदा, पुन्हा एकदा. तेलात भिजवलेल्या चिंध्या तिनं तोंडांत बसवल्या. नवी चक्री पाकिटातच राहिली.

आता हे इंजिन मोडलेलं नव्हतं. निजवलेलं होतं. कोणी विचारलं तर मोडलं म्हणता येणार नाही असं तिनं ते स्वतःच करून ठेवलं होतं.

गेटबाहेर गाडी थांबली. हॉर्न, एक लांब, एक आखूड.

"आला वाटतं," अत्ते म्हणाल्या. "मी झोपलेय म्हणून सांगू?"

"नको. बसा तिथेच."

"आणि काय सांगणारेस?"

"विकायची नाही म्हणून."

"आणि रघूला?"

"तेच."

"अयो," अत्ते म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसल्या, नाटकाला बसावं तशा.

श्रीविद्या उतरली नाही लगेच. होडीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. कागदावर होडी रघुनंदनची. संध्याकाळी तो काय बोलेल, किती दिवस बोलणार नाही, ह्यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरला ट्रेलर ओढून घाट कोण उतरवणार? तिला तर गाडीसुद्धा मागे घ्यायला जमत नाही. ह्या सगळ्याची भीती यायला हवी होती, ती वाट बघत होती तिची, आणि भीतीच्या जागी एक भलतीच, निव्वळ कामाची गोष्ट डोक्यात येऊन बसली, इतकी ठसठशीत की गेटच्या कडीचा आवाज झाला तरी ती हलली नाही — आपल्याला पोहता येत नाही. त्या दिवशी त्या पाण्यावरही येत नव्हतं, आणि आठवलंसुद्धा नाही! शिकायला हवं. इथे चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईला पोहायला शिकवणारं कोणी असेल का... असेल. आणि सकाळची वेळ मिळाली तर बरं.