पोटावरचा एप्रन

मी एक जुनी पुतळी आहे, मित्रांनो. पुतळी कसली, नुसतं धड. डोकं नाही, हातपाय नाहीत. पण माणसाच्या पोटात काय काय असतं ते माझ्यासारखं उघडून कुणी दाखवणार नाही. कारखान्यातल्या बायकांनी मला साच्यातून काढलं, हृदय तांबडं रंगवलं, आतडी गुलाबी. प्रत्येक अवयव सुटा. शाळेत आले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "हिला जपा." मग मीही तोऱ्यात उभी राहिले.

आरोग्याच्या बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? फुप्फुस हातात घेऊन असं शिकवायच्या की पोरं गुंग व्हायची. पण ओटीपोटापाशी आल्या की त्यांची वाचाच बसायची. शेवटी त्यांनी मला फुलाफुलांचा एप्रन शिवला आणि मागे घट्ट गाठ मारली. मी काय स्वयंपाकाला उभी राहणार होते?

एकदा वर्गातली एका ड्रायव्हरची मुलगी उठली. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि ती. म्हणाली, "बाई, काही लागलं नसताना रक्त येत राहिलं, तर माणूस मरतं का?"

मागच्या बाकावरचा टवाळ म्हणाला, "आधी मर, मग सांग आम्हाला." वर्ग फिसकन हसला. बाई लालबुंद झाल्या. "असलं वर्गात विचारतात का? घरी आईला विचार."

हसू थांबलं. आपण काय बोलून गेलो ते बाईंनाही कळलं, पण त्यांनी घाईघाईने दातांचा धडा काढला.

मधल्या सुट्टीत पोर माझ्यापाशी आली. एप्रन वर करून आत बघू लागली. बाई दारातूनच कडाडल्या, "हात काढ. लाज नाही वाटत?"

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. बाईंना वाटलं, रुसली असेल. मग एक दिवस तिचा बाप दाखला न्यायला आला.

"मोठा आजार झालाय असं धरून बसली होती हो. मला सांगेना. तिच्या मावशीला कळलं की पाळी आलीय. आता मावशीकडेच राहते. शाळेचं नाव काढलं की तोंड फिरवते."

"मी येते तिला समजवायला," बाई म्हणाल्या.

"नको बाई. तुमच्याच समोर यायचं नाही म्हणते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात माझा एप्रन सोडला. गर्भाशय हातात धरलं. "मुलींना पाळी येते ती इथून. तो आजार नाही." टवाळाने विचारलं, "मग मुलांना काय होतं?" बाई म्हणाल्या, "बरं विचारलंस," आणि सरळ सांगितलं. एका प्रश्नाला म्हणाल्या, "हे मला ठाऊक नाही, उद्या सांगते." त्याने काही त्यांचं नाक कापलं गेलं नाही.

मित्रांनो, कुणी भीत भीत काही विचारलं तर दात काढू नका. आणि शिकवणाऱ्यांनो, पोराला घरी विचारायला धाडण्याआधी घरी कोण आहे ते बघा. लाजच वाटत असेल तर लाजत सांगा, पण सांगा. आमच्या बाईंनी उत्तर दिलं, अगदी नीट दिलं. सगळ्या वर्गाने ऐकलं. जिने विचारलं होतं, तेवढी ती नव्हती.