ओला गिलावा आणि मालकांचे हात

मित्रांनो, जरा जपून टेका. मी एक जुनी शिडी आहे आणि माझा एक पाय आता लुळा पडला आहे. पण एके काळी मी एका हवेलीच्या दिवाणखान्यात छतापर्यंत पोहोचत होते.

मला घडवणारा सुतार माझ्या प्रत्येक पायरीवर उभा राहून उड्या मारायचा. "माणूस पडला की शिडीला कोणी विचारत नाही, सुतारालाच विचारतात," असे म्हणायचा.

त्या दिवाणखान्याचे छत पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी छातीच दडपली. वर सगळे आकाश रंगवले होते, ढग, तारे, उडणारे बगळे. पण गळतीमुळे अर्ध्या आकाशाचे पोपडे पडले होते. ते पुन्हा रंगवायला एक चितारीण नोकरीवर ठेवली होती. बापाची नजर गेली, म्हणून त्याचे काम तिने उचलले होते. ती ओल्या गिलाव्यावर रंग भरायची. गिलावा ओला असतो तोवरच रंग पितो. मध्येच वाळला, की तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपावा लागतो.

त्या घरात एक रीत होती. मालक दिवाणखान्यात असताना कुणाचेही पाय त्यांच्या डोक्याच्या वर असता कामा नयेत. मालक आले की म्हातारा दारवान टाळी वाजवायचा आणि चितारीण खाली उतरून भिंतीशी उभी राहायची.

मालक तरुण होते, अबोल होते. आज काठी विसरली, उद्या चष्मा, असे करत ते सारखे येऊ लागले. यायचे, छताकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचे आणि काठी न घेताच परत जायचे. तोवर वर गिलावा वाळलेला.

"बाबा, तुमच्या सरकारांना विसरण्याचा आजार आहे का हो?" तिने दारवानाला विचारले.

"तू आल्यापासून जडलाय, पोरी," म्हातारा मिशीत हसला.

तिला मात्र हसू आले नाही. मालकांच्या आईने, आईसाहेबांनी, तिला बजावले होते, "थंडी पडायच्या आत छत पुरं झालं नाही, तर दुसरा चितारी बघू. नुसतं खरवडायला कोण ठेवतं?" आणि घरी आंधळा बाप तिच्याच कामावर जगत होता.

एका सकाळी ती बगळ्याचा पंख रंगवत असताना टाळी वाजली. ती उतरली नाही.

"अगं, उतर! सरकार आलेत!"

"येऊ देत. आज मी उतरत नाही."

मालक पुढे आले. "काय झालं?"

"तुम्ही आलात की मी उतरते. मी उतरले की गिलावा वाळतो. आणि तुम्ही तर रोजच येता! मी काम करू कधी?"

मालकांचा चेहरा उतरला. जिला बघायला यायचे तिचेच काम आपण नासवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हते.

इतक्यात पंखाचे टोक गाठायला ती वाकली आणि गुळगुळीत फरशीवर माझा पाय सरकला. मित्रांनो, मी जन्मात इतकी घाबरले नव्हते! मालक धावले. त्यांनी मला दोन्ही हातांनी आवळून धरले. आता तिचे पाय नेमके त्यांच्या डोक्याच्या वर. दारवानाने तोंडावर हात ठेवला.

मालक इतकेच म्हणाले, "थांबू नकोस. वाळेल."

रंगाचे थेंब त्यांच्या केसांवर पडले, रेशमी अंगरख्यावर पडले. ते हलले नाहीत. ज्या हातांनी कधी पाण्याचा तांब्या उचलला नसेल, त्यांत एवढे बळ कुठून आले, याचे मला आजही नवल वाटते.

आईसाहेब दारात आल्या. "अरे, तू गडी आहेस का?"

"हो, आई. शिडी धरायचं काम मिळालंय."

आईसाहेब आल्या पावली परत गेल्या. पण त्यांनी दुसरा चितारी काही बोलावला नाही.

त्या दिवसापासून टाळी बंद झाली. मालक रोज मला धरून उभे राहिले आणि थंडी पडायच्या आत आकाश पुरे झाले. ती शेवटच्या वेळी खाली उतरली, तरी मालकांनी मला सोडले नाही.

"आता जाशील?"

"जायलाच हवं. दुसरीकडेही छतं आहेत."

"तिथंही शिडी मीच धरीन. जन्मभर."

"हात दुखतील."

"दुखू देत."

तिने कुंचला खाली ठेवला. मग म्हणाली, "आधी आमच्या बाबांना विचारा."

आणि मित्रांनो, ते एवढे मोठे मालक एका आंधळ्या चिताऱ्याच्या दारी पायी गेले, मुलगी मागायला!

पुढे लोखंडी शिड्या आल्या आणि मी अडगळीत पडले. तक्रार नाही. एकच मागणे आहे. कुणी उंचावर काम करताना दिसले, तर लांबून नुसते "सांभाळून हं" म्हणू नका. जवळ जा आणि शिडी धरा.